परत घेतलेला कौल

“नारय कोठे फोडू, सायेब?”

म्हाताऱ्यानं नारळ थेट माझ्या टेबलावर ठेवला, दौतीला खेटून, आणि हळदकुंकवाची पुडी सोडत तो खोलीभर फोडायला जागा शोधू लागला. मागे त्याचा मुलगा उभा होता. अंगात लष्करातला खाकी शर्ट, हातात बूट, आणि अनवाणी पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.

मी खुर्चीतून उडालोच म्हणा ना! सोळा दिवस झाले होते मला तिथे बसून. धुळ्यात आग्रा रोडवर एक खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि बाहेर नवी कोरी पाटी: ‘लष्करातून परतलेल्यांस कामधंद्याविषयी सल्ला’. सोळा दिवसांत एक माणूस आत आला होता, तोही पाणी मागायला. आणि आज चक्क नारळ घेऊन!

“अहो आबा, नारळ कशाला? हे काय देऊळ आहे का?” मी म्हणालो. पण खरं सांगतो, आतून मला गुदगुल्या होत होत्या.

ही गोष्ट सेहेचाळीसच्या चैत्रातली. लढाई संपली होती, पलटणी मोडत होत्या, गावोगावचे गडी घरी परतत होते आणि त्यांनी आता करायचं काय, हे सांगायला सरकारनं माणसं नेमली होती. धुळ्याला नेमला तो मी, हिलाल देवरे. त्याआधी अकरा वर्षं मी नोंदणी कचेरीत दस्तांच्या नकला उतरवत होतो. मला सल्ला द्यायची मूळचीच खोड. कुणाला शिंक आली तरी मी काढा सांगणार. नेमणुकीचा कागद घरी वाचून दाखवला तेव्हा बायको, धुरपदाबाई, कणीक मळता मळता म्हणाली, “बरं झालं. घरात कुणी विचारत नाही, निदान सरकारनं तरी विचारलं!”

हसा लेको! पण मी हरखून गेलो होतो. असं काम आमच्या अख्ख्या खानदेशात आजवर कुणी केलं नव्हतं. वकील होते, वैद्य होते, भगत होते, पंच होते. पण समोर माणूस बसवून ‘तुझ्या आयुष्याचं काय करायचं’ एवढंच बोलायला बसलेला, तोही पगारी, असा मी पहिला!

त्यासाठी मुंबईला तीन आठवडे शिकून आलो होतो. शिकवायला दस्तूरबाई नावाच्या पारशी बाई होत्या. त्यांचं मराठी मजेशीर, पण डोकं तल्लख. त्यांनी सांगितलं, अमेरिकेत चाळीसेक वर्षांपूर्वी पोरांनी कुठलं काम धरावं हे ठरवायला पहिली कचेरी निघाली. पद्धत सोपी: आधी माणूस जाणा, मग काम जाणा, मग दोन्ही ताडून बघा. मला ते फार पटलं. अगदी त्रैराशिकासारखं, दोन आकडे मांडा की तिसरा हजर! शेवटच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, आता तिकडे उलटाच विचार निघालाय. सल्ला देऊ नका, ऐकून घ्या, म्हणतात. ते मी वहीत उतरवलंसुद्धा नाही. म्हटलं, सल्ला द्यायचा नाही तर सरकार पगार कशाचा देणार?

तर ते असो. मी दोघांना बसवलं. मुलगा खुर्चीत बसला, म्हातारा जमिनीवर. वर बसा म्हटलं तरी ऐकेना.

“मी अभिमन. पिंपळनेरना पलीकडला,” म्हातारा म्हणाला. “हाऊ मन्हा आंडोर, वना. तीन वरीस बरमामा मोटर चालाडी यानी. आते घरमा बशी ऱ्हास. बोलस नही, चालस नही. सायेब, तुम्ही कौल द्या. यानी काय कराले जोयजे?”

“आबा, कौल नाही, सल्ला.”

“तेच ते, सायेब. तुम्ही सांगा, आम्ही मानसूत.”

“आणि हा पाय एवढे भरवून कुठून आला?”

“पायी उना ना. माले म्हने, आबा, तुम्ही सर्व्हिस मोटरमा जा, मी पायी येस. परवदिन निघना व्हता घरथीन.”

“वा रे गड्या!” मी टेबलावर थाप मारली. “पन्नास मैल पायी! याला म्हणतात शिपाईगडी!”

वनानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

मग मी माझा छापील फॉर्म काढला. नाव, वय, पलटण, हुद्दा, शिकलेलं काम. मुंबईहून आणलेली लाकडी फळी त्याच्या पुढ्यात ठेवली. तिच्यावरचे वीस बोल्ट आणि वीस चाक्या जुळवायच्या. घड्याळ लावलं. अहो, त्यानं अशा काही वेगानं त्या चाक्या फिरवल्या की मी बघतच राहिलो! बोटांना जणू डोळे होते. मुंबईत आमच्या वर्गात कुणाला एवढा वेळ लागला नव्हता, म्हणजे एवढा कमी.

झालं! माणूस जाणला. काम तर समोरच होतं. दोन्ही ताडून बघितलं आणि शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: ‘मोटार ड्रायव्हर. अत्यंत योग्य.’

“सायेब, माले...” वना पहिल्यांदा बोलला.

“अरे घाबरतोस काय! ब्रह्मदेश फिरून आलास, इथला रस्ता म्हणजे तुला अंगण. मी आहे ना!”

दहा मिनिटं लागली सगळ्याला. अभिमन आबांनी तो कागद दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि बाहेर पायरीवर नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा मला दिला. तो खाताना मला काय वाटलं म्हणून सांगू! अकरा वर्षं दुसऱ्यांचे दस्त उतरवण्यात गेली होती माझी, आणि आज मी स्वतः एक ओळ लिहिली आणि एका माणसाचं आयुष्य मार्गी लागलं.

त्याच दिवशी साक्रीच्या चुडामणशेठना पत्र टाकलं. त्यांची सर्व्हिस मोटार साक्री-पिंपळनेर चालायची, आणि लष्करात तयार झालेला ड्रायव्हर त्यांना हवाच होता. उलट टपाली उत्तर आलं: आखाजीला शब्द पक्का करू, त्याच दिवसापासून कामावर घेऊ. आमच्याकडे सालाची बोली आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेलाच होते. सालदार असो की ड्रायव्हर, त्या दिवशी दिलेला शब्द वर्षभर मोडायचा नाही, अशी रीत.

मग तर काय विचारता! बातमी गावोगाव गेली. धुळ्याला एक सायेब बसलाय, तो कागदावर कौल देतो. महिन्याभरात बावीस जण आले. मी सगळ्यांना पटापट वाटेला लावलं. वरून साहेबांची शाबासकी आली. घरी जाताना रस्त्यात लोक रामराम घालायला लागले. धुरपदाबाई म्हणायची, “जरा जमिनीवरून चाला, चपला झिजत नाहीत हल्ली तुमच्या!”

आखाजी उद्यावर आली होती. दुपारी एक बाई दारात उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत बोचकं. तिचा भाऊ बाहेर बैलगाडीपाशी थांबला होता.

“तुम्हीन बरमावालासले कागद दिन्हा ना? पिंपळनेरकडला? त्या घरनी सून मी, कमलबाई. माहेरले चालनी आखाजीले. वाटमा थांबनू.”

“या, या! काय म्हणतोय आमचा ड्रायव्हर? उद्यापासून मोटारीवर, नाही का?”

ती वनाची बायको; नवऱ्याचं नाव न घेता ‘त्या’ म्हणून बोलत होती. ती बसली नाही. “तुम्हना कागद देवघरमा शे, सायेब. सासरा रोज त्याले कुकू लावतस. नि ज्यासनासाठे कागद शे, त्या जेवतस नही, झोपतस नही.”

“अहो, नवं काम म्हटलं की थोडी धाकधूक असतेच—”

“सायेब,” ती म्हणाली, “बरमाथीन उनात तवयपशी त्या एक डाव बी मोटरमा बसनात नही. धुळे टेसनपशी घरलगून पायी उनात. तुमनाकडे उनात ते बी पायी. तुम्ही त्यासना पाय दखात नही का?”

मी बघितले होते की! बघून टेबलावर थाप मारली होती.

“मग ते तेव्हाच बोलले का नाहीत?” माझा आवाज चढला. चूक पकडली गेली की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड.

“तुम्ही बोलू दिन्हं का?”

तीच पुढे म्हणाली, “सासरासले कोनी सांगू शकत नही. कौल म्हनतस ते त्याले. ज्यानी दिन्हा त्यानीच मांगे लेवाले जोयजे, दुसरानं काम नही ते. उद्या दिन बुडाले शेठनी मोटर येई त्यासले लेवाले. मंग पुरं वरीस.”

ती गेली. मी एकदम उठलो, बावीसच्या बावीस फॉर्म काढले आणि एकेक वाचला. नाव, वय, हुद्दा, काम, सल्ला. एकाही फॉर्मवर त्या माणसाचं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं! सगळीकडे मीच बोललो होतो. कानशिलं तापली माझी. शरमेनं, आणि खोटं कशाला बोलू, भीतीनंसुद्धा. उद्या जाऊन कागद परत घेतला तर बावीस घरांत बातमी जाणार, साहेबाला कळणार, आणि माझी ही खोली, माझी पाटी, सगळं गुंडाळलं जाणार. पुन्हा दस्तांच्या नकला!

पण त्या पोराचं पुरं वरीस? ते कुणाच्या नावावर लिहायचं?

सकाळची पहिली सर्व्हिस पकडली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीला मागे कोळशाची भट्टी बसवलेली, ती अजून तशीच होती. साक्रीपर्यंत ती दोनदा बसली. दोन्ही वेळा आम्ही उतारूंनी खाली उतरून ढकलली. सणाच्या कपड्यांतले जावई, गाठोडी घेतलेल्या लेकी, नि मी काळ्या कोटात, सगळे ‘होऽऽ’ करून ढकलतोय! एरवी मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी मनात एकच होतं, दिवस बुडायच्या आत पोचलं पाहिजे. पिंपळनेरला उतरून पुढचे तीन मैल मी जवळजवळ पळतच गेलो.

गावात आखाजी रंगात आली होती. लिंबाच्या फांद्यांना झोके, झोक्यांवर माहेरवाशिणी, त्यांची गाणी. पारावर बाप्ये पत्ते कुटत होते, वर्षातून एक दिवस जुगाराला कुणी नावं ठेवत नाही. मला कोटात बघितल्यावर डाव थांबला. “कौलवाला सायेब उना!” कुणीतरी ओरडलं, आणि अख्खा पार माझ्या मागून अभिमन आबांच्या ओट्यापर्यंत आला.

आबा आनंदानं उभेच राहिले, आत बायकोला हाक दिली. “सनना दिनले तुम्ही सोता! तानू, पाट ठेव वं!”

ओसरीत पूर्वजांच्या घागरी मांडल्या होत्या. आखाजीला गेलेल्यांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर ठेवतात, वर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. मग निखाऱ्यावर तुपाचा घास टाकून एकेकाचं नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट. त्यांची तीच तयारी चालली होती. वना भिंतीशी बसला होता. महिन्यात निम्मा झाला होता.

मी पाटावर बसलो नाही. बसलो असतो तर उठायचा धीर झाला नसता.

“आबा, मी कागद परत न्यायला आलोय.”

त्यांना कळेना. मी पुन्हा बोललो, आणि या वेळी माझी कचेरीतली भाषा गळून पडली, लहानपणची तोंडात आली. “आबा, मन्हं चुकनं.”

“चुकनं? कौल चुकस का कधी?”

“तो कौल नव्हताच, आबा. देव नही बोलना. मी बोलनू. दहा मिनिटमा बोलनू, नि चुकनू.”

ओट्याखाली कुजबुज झाली. कुणीतरी फिसकन हसलं. आबांचा चेहरा लाल झाला. “मी सकाय शेठकडे शबूद धाडा! आखाजीना शबूद! पुरं गाव हासी माले. मंग तुम्ही कसाना सायेब?”

“शेठशी मी बोलसू. शबूद मन्हा पायी मोडना, तुम्हना पायी नही. हाई मी आठे, या बठ्ठासमोर सांगस.”

“मंग याले काय व्हयेल शे? ते तरी सांगा! तुम्ही तं बठ्ठं जानतस ना?”

“माले माहीत नही,” मी म्हणालो. “मी इचारंच नही त्याले.”

इतकं बोलून झालं आणि माझ्याकडचं बोलणं संपलं. आयुष्यात पहिल्यांदा संपलं. मी वनासमोर जमिनीवर बसलो. काही विचारायचंही सुचेना. नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. झोक्यावरचं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

तेवढ्यात तानुबाई म्हणाल्या, “अवो, ह्या तीन घागरी कशा? मी तं दोनच भऱ्यात. सासरानी नि सासूनी. ही तिसरी कोनी भरी?”

खरंच, कोपऱ्यात एक लहानशी घागर वेगळी ठेवली होती. तिच्यावर खरबूज नव्हतं, सांजोरी नव्हती. नुसतं पाणी.

“ती मी ठेवी, माय,” वना म्हणाला.

मी काही विचारलं नाही, आणि ते किती अवघड गेलं ते माझं मला ठाऊक. जिभेवर शंभर प्रश्न आले होते!

“पलनी म्हनीसन व्हता,” वना घागरीकडे बघत बोलू लागला. “मद्रासकडला. आम्ही दोन्ही एक मोटरवर. तीन दिन मी झोपनू नव्हतू. घाट व्हता, चिखल व्हता. त्यानी माले सांगं, आते मी चालाडस, तू झोप. मी सांगं, तूच झोप, मी शे ना. मोटर खाले गयी. मी फेकाई गऊ. तो झोपेलच व्हता.”

“देवनी मर्जी, बेटा,” आबा हळूच म्हणाले.

“पलटनवालास्नी लिखं, ब्रेक फेल. आबा, ब्रेक फेल नव्हता. मन्हा डोया लागना व्हता.”

दोन वर्षं हे वाक्य त्या माणसाच्या पोटात होतं. त्यानं ते पलटणीत सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, आणि माझ्या खोलीत ‘सायेब, माले’ म्हणून सुरुवात केली तेव्हा मी त्याला ‘घाबरतोस काय’ म्हणून गप्प केलं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही. पण त्याच वेळी छातीत काहीतरी असं उसळलं की वाटलं, उठून पारावर जाऊन ओरडून सांगावं! माझं काम काय आहे ते मला त्या ओसरीत कळलं. दस्तूरबाईंनी शिकवलं होतं तेव्हा कळलं नव्हतं, शाबासकी आली तेव्हा तर नाहीच नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. संध्याकाळी चुडामणशेठना मी वेशीवर गाठलं आणि त्यांची पोटभर बोलणी खाल्ली. साहेबांनी खुलासा मागवला, तोही दिला. खोली राहिली. बावीसपैकी एकोणीस जणांना मी पुन्हा बोलावलं, पुन्हा बसवलं, या वेळी तोंड मिटून. वना त्या पावसाळ्यात तीनदा आला, तिन्ही वेळा पायीच. तिसऱ्या खेपेला तो आपणहून म्हणाला, “सायेब, इहीरवरलं तेलनं इंजिन ऱ्हास ना, ते माले जमी. ते जागावरच ऱ्हास.” मी फक्त लिहून घेतलं. आज पिंपळनेर भागात विहिरीवरचं कुठलंही इंजिन बिघडलं तर माणसं त्यालाच बोलावतात. कौलवाला सायेब म्हणून माझं नाव मात्र पार बुडालं. नवे लोक येतात आणि कुरकुरतात, हा सायेब काही सांगतच नाही!

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ओसरीत अभिमन आबा उठले, आणि चुलीतले निखारे खापरावर घेऊन आले. तुपाची वाटी जवळ ओढली. पहिला घास टाकला, बापाचं नाव घेतलं. दुसरा टाकला, आईचं घेतलं. मग खरबुजाची एक फोड कापून त्यांनी तिसऱ्या घागरीवर ठेवली, वर दोन सांजोऱ्या ठेवल्या.

“काय नाव सांगं त्यानं?”

“पलनी.”

“त्याना बापनं?”

वनानं मान हलवली. “माहीत नही, आबा. पलनी, इतलंच.”

आबांच्या हातात घास तसाच राहिला. पुऱ्या नावाशिवाय घास टाकायची त्या घरात रीत नव्हती. ओट्याखाली सगळा गाव उभा होता आणि निखाऱ्यावर राख धरायला लागली होती. आबांनी एकदा फुंकर घातली.

“मंग मन्हं लावू,” ते म्हणाले.

त्यांनी घास तुपात बुडवून निखाऱ्यावर ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पलनी अभिमन.”

तूप चरचरलं. वना उठून बापाच्या शेजारी जाऊन बसला, आणि तानुबाई पानं वाढायला आत गेल्या.